तांबड्या भोपळ्याचा वेल आवरायचा कसा?

भात कापून झालं, उडव्या रचून झाल्या, शेत जरा मोकळं दिसायला लागलंय. कर्जतकडच्या ज्या बाया राजनाल्याच्या पाण्यावर आहेत त्या पाणी कधी सुटतंय म्हणून वाट बघतायत. खालापूरकडच्या म्हणतायत, आमच्याकडे कालवा नाही, आम्ही काय करायचं? दोघींसाठी आज बोलणार आहे. विषय आहे भोपळ्याचा. तांबडा भोपळा, लाल भोपळा, घाटावरची माणसं डांगर म्हणतात तो. पण खरं सांगायचं तर भोपळ्यापेक्षा त्याच्या वेलाबद्दल जास्त बोलणार आहे. कारण गेली तीन वर्षं आमच्या गटाला भोपळ्यानं नाही, वेलानं नाचवलंय.

आधीच सांगते, मी शेतीचं शिक्षण घेतलेली नाही. बी.ए. केलं, तेही लग्नानंतर, मुलीला सासूबाईंच्या मांडीवर ठेवून. काम बचत गटांचं. म्हणजे वह्या तपासणं, बँकेत जाणं, हप्ते, बैठका. त्यामुळे आज जे सांगते त्यातलं थोडं सासूबाईंचं आहे, थोडं कृषी सहायकांना विचारून घेतलेलं आहे, थोडं मोबाइलवर बघितलेलं, आणि बरंचसं चुका करून शिकलेलं आहे.

पहिल्या वर्षी गटातल्या दहाजणींनी मिळून भोपळा करायचं ठरवलं. जागा तीन गुंठे, आमच्यातल्याच एका ताईच्या सासऱ्यांची. भात निघाल्यावर रिकामी पडणारी, कालव्याला लागून. राजनाल्याचं पाणी म्हणजे आपल्याला माहीत आहेच, भिवपुरीच्या टाटांच्या वीजघरातून वीज करून बाहेर पडलेलं पाणी पेज नदीत येतं, आणि तिथून नाल्याला. म्हणजे पाण्याची भीती नव्हती. सहा आळी केली, प्रत्येकात दोन दोन बिया. शेणखत घातलं. कुणीतरी म्हणालं युरिया घाला, तोही घातला. आणि मग आम्ही वेलाला म्हटलं, जा बाबा कुठे जायचं तिथे.

तो गेला. महिन्या-दीड महिन्यानं बघतो तर तीन गुंठ्यात पाय ठेवायला जागा नाही. हिरवंगार. पानं सुपाएवढी. आम्ही खूश. फोटो काढले, मोबाइलच्या ग्रुपवर टाकले. फुलं तर इतकी की रोज भजी करा. पण सगळी नर फुलं. लांब देठाची, खाली काही नाही. मादी फूल ओळखायला सोपं असतं, फुलाच्या मागे बारकासा भोपळाच असतो, लिंबाएवढा. तसली फुलं शोधून काढावी लागत होती. आता कळतं की युरिया जास्त झाला की वेल पानांच्या आणि नर फुलांच्या मागे लागतो. तेव्हा वाटलं, येतील उशिरानं.

आणि एक दिवस सकाळी ताईचे चुलत सासरे बांधावर उभे. हातात कोयता. त्यांनी बांधापलीकडे भात निघाल्यावर ओलीवर वाल टाकला होता, आपल्याकडे सगळेच टाकतात तसा. आमचा वेल बांध ओलांडून त्यांच्या वालावर चढला होता. दोन वाफे पूर्ण झाकून टाकले होते. वालाला ऊन लागेना, शेंगा धरेनात. त्यांनी बांधापलीकडचं सगळं छाटलं आणि आमच्या बाजूला फेकून दिलं. त्यात तीन भोपळे होते, नारळाएवढे झालेले.

बोलणं झालं. जे बोलणं झालं ते मी रेडिओवर सांगत नाही. भावकीतलं भांडण होतं, ते जुनंच होतं, भोपळ्यानं फक्त उकरून काढलं. पण ताईच्या घरी दुसऱ्या दिवशी निरोप आला की पुढच्या वर्षी बायकांना जागा द्यायची नाही. आणि मैत्रिणींनो, मला सगळ्यात लागलं ते हे, की चूक आमची होती. आमचा वेल त्यांच्या पिकावर गेला होता. बाई म्हणून आपल्या नावावर गुंठाभर जमीन नसते, दुसऱ्याच्या शब्दावर मिळालेल्या तुकड्यावर आपण उभ्या असतो. तिथं वेल मोकळा सोडून चालत नाही.

त्या वर्षी बावीस भोपळे निघाले. सगळे दीड-दोन किलोचे. वाटणी करून खाल्ले, घारगे झाले, संपले.

जागा परत कशी मिळाली ते थोडक्यात सांगते. ताईनं स्वतः जाऊन चुलत सासऱ्यांना दोन पायली वाल दिला आणि सांगितलं की या वर्षी एकही पान बांधावर आलं तर तुम्ही मुळापासून उपटा. एवढा शब्द दिल्यावर मग आम्हाला वेल आवरायला शिकावंच लागलं.

याच सुमारास माझ्या मुलीनं मला विचारलं, आई, भोपळ्यात बसून म्हातारी लेकीकडे जाते, एवढा मोठा भोपळा खरंच असतो का? मी म्हटलं, गोष्टीत असतो. तिनं मोबाइलवर शोधलं आणि दाखवलं. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या एका बागकामाच्या शिक्षकानं २०२३ साली १,२४७ किलोचा भोपळा आणला होता. म्हणजे भाताची पन्नास किलोची पंचवीस पोती! २०२५ मध्ये इंग्लंडमधल्या पॅटन नावाच्या जुळ्या भावांनी तोही विक्रम मोडला, १,२७८ किलो. त्यात म्हातारी काय, तिचा सगळा बचत गट बसेल.

आता हे भोपळे आपले नव्हेत, हे लक्षात ठेवा. त्यांची जातच वेगळी. कॅनडातल्या नोव्हा स्कोशियातल्या हॉवर्ड डिल नावाच्या शेतकऱ्यानं निवड करत करत ‘अटलांटिक जायंट’ नावाचं बी तयार केलं, त्याच्याच पोटची ही सगळी फळं. थंड हवेतली. आपल्या मार्च-एप्रिलच्या उन्हात ती टिकायची नाहीत, आणि तसलं बी म्हणून कुणी हजार रुपयांना चार बिया विकायला आला तर घेऊ नका. ओळख सांगते. त्या जातीच्या भोपळ्याचा देठ गोल, जाड, बुचासारखा असतो. आपल्या नेहमीच्या भोपळ्याचा देठ टणक, पाच धारांचा आणि फळाला चिकटतो तिथे पसरलेला असतो, कोंबड्याच्या पायासारखा. आपला भोपळा बाराशे किलोचा होणार नाही. पण दोन किलोचा वीस किलोचा होऊ शकतो, आणि तो कसा, ते त्या लोकांकडून शिकण्यासारखं आहे. कारण त्यांचं अर्धं काम वेलाचंच असतं. एका वेलाला ते पाऊण-एक गुंठा जागा देतात आणि त्या गुंठ्यातली प्रत्येक फांदी कुठे जाणार हे आधी ठरवतात.

आता कामाचं. ज्यांच्याकडे कागद आहे त्यांनी घ्या, नसेल तर मुलांना ऐकायला बसवा.

बीतून निघतो तो पहिला वेल. त्याच्या प्रत्येक पानाच्या बगलेतून फांदी फुटते. त्या फांदीच्या प्रत्येक पानातून पुन्हा फांदी. बैठकीत समजावून सांगताना मी हुशारी करायला गेले. म्हटलं, पहिली आई, दुसऱ्या लेकी, तिसऱ्या नाती. आईला जपा, लेकींना वळण लावा, आणि नाती दिसल्या की खुडून टाका. सगळ्या हसल्या. एक आजी हसल्या नाहीत. म्हणाल्या, दुसरं काही नाव दे गं. नाती खुडायला मी येणार नाही. मी गप्प झाले. त्या का म्हणाल्या ते तुम्हाला सांगायला नको. तेव्हापासून आमच्याकडे नावं अशी आहेत: पहिला तो रस्ता, त्याच्यातून निघतात त्या गल्ल्या, आणि गल्ल्यांतून निघतात ते बोळ. रस्ता ठेवायचा, गल्ल्या ठेवायच्या, बोळ बंद.

बोळ का बंद करायचे? कारण भोपळ्याचं पोट पानं भरतात. पान उन्हात अन्न करतं आणि फळाला पाठवतं. बोळ फुटले की पानावर पान येतं, खालचं पान सावलीत जातं, ते काही करत नाही, नुसतं खातं. गचपण झालं की हवा खेळत नाही, भुरी येते, तांबडे भुंगे लपतात, आणि कुठे फळ लागलंय ते आपल्याला दिसतसुद्धा नाही. शिवाय प्रत्येक कोवळा शेंडा आपल्यासाठी अन्न ओढतो. पन्नास शेंडे असले तर पन्नास तोंडं. म्हणून बोळ बोटभर असतानाच नखानं खुडायचा. तेव्हा जखम लहान होते. हातभर झाल्यावर कोयता लावाल तर वेलाला धक्का बसतो, आणि तेवढं अन्न फुकट गेलेलं असतं. आठवड्यातून दोनदा फेरी मारा, पंधरा मिनिटांचं काम आहे. आणि एक लक्षात ठेवा, शेंडे खुडायचे, पानं तोडायची नाहीत. पिवळं, सडकं पान काढलं तर चालतं. पण ‘मोकळं करूया’ म्हणून हिरवी पानं कापणाऱ्या बाया मी बघितल्यात. त्या भोपळ्याला उपाशी ठेवतात.

खुडलेले शेंडे टाकू नका. कोवळ्या शेंड्यांची आणि पानांची भाजी आपल्या ठाकरवाडीतल्या, कातकरवाडीतल्या बायांना शिकवायला नको. पानाची लव पाण्यात चोळून काढायची, लसूण, मिरची, वर थोडं सुकट. आम्ही तर आता म्हणतो, भोपळा तीन महिन्यांनी, भाजी आजपासून.

गल्ल्यांचं वळण असं. भाताची उडवी बाजूनं बघा. खाली रुंद, वर निमुळती. वेलाचा आकार जमिनीवर तसा ठेवायचा. मुळापाशी ज्या गल्ल्या आधी फुटल्या त्या लांब, आठ-दहा फुटांपर्यंत. शेंड्याकडच्या आखूड. सगळ्या रस्त्याला काटकोनात, दोन्ही बाजूंना, एकमेकींत न शिरता. गल्ली ठरलेल्या लांबीला पोचली की तिचा शेंडा खुडायचा आणि ते टोक मातीत दाबायचं. बांधापासून दोन हात अलीकडेच. आम्ही दोन हातांवर एक सुतळी बांधतो, काठ्या रोवून. सुतळीला पान लागलं की त्या दिवशीच शेंडा खुडायचा. चुलत सासरे रोज सकाळी त्या सुतळीपाशी येऊन बघत. आम्हाला आधी राग यायचा. नंतर लक्षात आलं, त्यांच्यामुळे आमची एकही फेरी चुकली नाही.

वेल वळवायचा तर दुपारी वळवा. हे फार महत्त्वाचं. सकाळी वेल पाण्यानं टरारलेला असतो, काचेसारखा मोडतो. दुपारी उन्हानं जरा मऊ पडतो तेव्हा हळू सरकवा. एका दिवसात सगळा वळवू नका, रोज चार बोटं. त्याचे ताणे कुठे गवताला, कुठे दुसऱ्या फांदीला पीळ घालून बसलेले असतात. ते आधी कापा, ओढू नका. वळवलेला वेल परत मूळ जागी येऊ नये म्हणून दोन्ही बाजूंना बारक्या काटक्या तिरक्या रोवा.

आता माती. पान जिथे वेलाला जोडलेलं असतं त्या पेराखाली मुळं फुटायची तयारी असते. पेरावर ओंजळभर माती आणि शेणखत घाला, पाणी द्या, आठवड्याभरात तिथं मुळं धरतात. असं रस्त्याच्या आणि गल्ल्यांच्या पेरांवर करत गेलं की एका वेलाला वीस-पंचवीस ठिकाणी तोंडं होतात. एका आळ्यातल्या मुळांवर मोठा भोपळा होत नाही, हे गणित एकदा कळलं की पहिल्या वर्षीचे आमचे दोन दोन किलोचे भोपळे का झाले ते समजतं. शिवाय वारा आला की वेल उलटत नाही. पाणी मग फक्त आळ्यात देऊन चालत नाही, या सगळ्या पेरांपाशी द्यायचं. थोडं थोडं पण नियमानं. आठ दिवस कोरडं आणि मग एकदम तुडुंब भरलं तर फळ तडकतं.

फळ कुठे धरायचं? पहिली मादी फुलं मुळाजवळ, चार-पाच फुटांवर येतात. मोह होतो. ती खुडा. तेव्हा वेलाकडे पानंच नसतात, पोसणार कोण? रस्त्यावर दहा फुटांच्या पुढे आलेलं फूल धरा. सकाळी उमलल्या उमलल्या, आठच्या आत, नर फूल तोडून त्याच्या पाकळ्या काढायच्या आणि आतला पिवळा तुरा मादी फुलात हलक्यानं फिरवायचा. मधमाश्या हे करतात, पण आपल्याकडे आंबा-काजूवर फवारे सुरू झाले की माश्यांचा भरवसा राहत नाही. असे दोन-तीन धरून ठेवा. नारळाएवढे झाले की त्यातला एक निवडा, बाकीचे काढून भाजीला. फळाच्या पुढे वेल आणखी आठ-दहा फूट जाऊ द्या, मग शेंडा खुडा.

दुसऱ्या वर्षी आम्ही हे सगळं केलं. अगदी मन लावून. एक भोपळा असा वाढला की ज्या ताईच्या सासऱ्यांची जागा, ती रोज त्याला दोरीनं मोजायची आणि दोरीला गाठ मारायची. गाठी अंतरा अंतरानं पडत होत्या. परदेशातल्या त्या भोपळ्यांचं वजन जोमाच्या दिवसांत रोज वीस किलोंच्या आसपास वाढतं म्हणे. आमचा अर्धा किलो वाढत असेल, पण आम्हाला तेवढंच आभाळ. ताईचा नवरा पहिल्यांदा शेतात येऊन बसला, बघायला. त्यानं शेजारच्या माणसाला सांगितलेलं मी ऐकलं, ‘आमच्या बाईनं केलाय.’

आणि एका सकाळी ताईचा फोन आला. ती बोलेचना. मी गेले. भोपळा होता तिथेच होता, पण देठ वेलापासून फाटला होता. पाणी गळत होतं. कुणी तोडला म्हणून आधी सगळ्यांची नजर बांधापलीकडे गेली. खोटं नाही बोलत, माझीही गेली. चुलत सासरे आले, वाकले, देठ बघितला, वेल उचलायचा प्रयत्न केला. उचलेना. दोन्ही बाजूंना मुळं घट्ट. म्हणाले, ‘कुणी तोडला नाही. तुम्हीच बांधून ठेवलाय त्याला.’

बरोबर होतं. पेरावर माती घाला हे आम्ही शिकलो होतो, म्हणून फळाच्या अगदी दोन्ही बाजूंच्या पेरांवरही घातली होती. भोपळा फुगला, त्याची पाठ वर आली, खांद्यानं वेलाला ढकलायला लागला. वेलाला वर उचलायला, मागे सरकायला जागा नव्हती. वेल हलेना, भोपळा थांबेना, मधला देठ फाटला. अठ्ठेचाळीस दिवसांचा होता. कोवळा, विकण्याजोगा नाही. अंगणवाडीत दिला, मुलांनी भाजी खाल्ली. ताईनं गाठी मारलेली दोरी अजून ठेवलीय.

म्हणून हे दोनदा सांगते. फळाच्या मागची दोन-तीन पेरं आणि पुढची दोन-तीन पेरं मोकळी ठेवायची. तिथे माती घालायची नाही. आपोआप मुळं धरली असतील तर खालून हात घालून हळूच सोडवायची. फळ मुठीएवढं असतानाच त्या ठिकाणी वेलाला बाक द्यायचा, विळ्यासारखा, आणि फळ बाकाच्या बाहेरच्या बाजूला येईल असं बघायचं. म्हणजे ते फुगलं तरी वेलापासून दूर दूर फुगतं. देठ आणि वेल यांत काटकोन आला की निर्धास्त. हाही बाक दुपारी, रोज थोडा थोडा. फळाजवळच्या ज्या गल्ल्या त्याच्या अंगाखाली चिरडतील त्या आधीच काढायच्या. फळाखाली वाळूचा थर, त्यावर फळी किंवा कोरडा पेंढा, म्हणजे खालून सडत नाही, वाळवी लागत नाही. वरून उन्हासाठी पेंढ्याचीच सावली. आणि फळ एकदा मोठं झालं की त्याला फिरवून बघायचं नाही, देठ दुखावतो.

आता खालापूरच्या मैत्रिणी. चौक काय, खोपोलीची बाजू काय, तिकडे शेतं गेली. कारखाने आले, फार्महाऊस आली. पुष्कळजणींकडे उरलंय ते घरामागचं परस, दोन खाटा मावतील एवढं. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी पुरत नाही. तुम्ही वेल जूनमध्ये लावा आणि वर चढवा, मांडवावर किंवा छपरावर. पावसात जमिनीवरचं फळ कुजतं, त्यामुळे तसंही वरच बरं. इथे नियम उलटा आहे. मांडवाला पोचेपर्यंत एकही गल्ली ठेवायची नाही. बगलेतून फुटलं की खुडा, ताणे काढा, एकच रस्ता काठीला सैल बांधत वर न्या. वर पोचला की शेंडा खुडा, मग दोन-तीन गल्ल्या मांडवभर पसरू द्या. बोळ इथेही बंदच. वेलाला तीनपेक्षा जास्त फळं ठेवू नका. आणि लोंबणाऱ्या फळाला झोळी बांधा, जुन्या साडीची, दोन्ही टोकं मांडवाच्या बांबूला. वेलाला नाही, बांबूला. एकीनं वेलालाच बांधली होती, झोळीसकट सगळं खाली आलं. कौलावर चढवलात तर फळ दोन वाशांमध्ये येऊ देऊ नका, वाशावर येऊ द्या. जूनचा भोपळा ऋषिपंचमीच्या भाजीला आणि गणपतीच्या घारग्यांना हाताशी येतो, तेव्हा त्याला शोधत लोक दारात येतात.

दोन बारीकसारीक गोष्टी. रोपं लहान असताना तांबडे भुंगे पानं चाळणीसारखी करतात. सकाळी दव असताना चुलीतली राख भुरभुरा. फळमाशीसाठी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा रक्षक सापळा मिळतो, पण आंब्याला लावतात ती गोळी इथे चालत नाही, वेलाच्या भाज्यांसाठी क्यू ल्यूरची मागा. दुकानदार विचारणार नाही, तुम्हीच सांगायचं. आणि भुरी दिसली म्हणून उन्हाच्या दिवसांत गंधक मारू नका, या जातीच्या वेलांची पानं त्यानं करपतात.

पैशाचं विचारणार तुम्ही. विचाराच. तिसऱ्या वर्षी, म्हणजे या वर्षी एप्रिलमध्ये, आमचा भोपळा साडेअठ्ठावीस किलो भरला, भाताच्या काट्यावर. गावभर मिरवला. पण अख्खा भोपळा घ्यायला कुणी तयार नाही. स्टेशनजवळ बसणाऱ्या मावशी म्हणाल्या, एवढा कापला तर दोन दिवसांत संपायला हवा, उन्हाळ्यात माझ्याकडे कुठे ठेवू? शेवटी आम्हीच फोडी करून विकला, तिघीजणी दोन दिवस बसलो. खर्च-मेहनत धरली तर त्या एका भोपळ्यात फार सुटलं नाही. सुटलं ते बाकीच्या पाच वेलांत. तिथे आम्ही वेलामागे तीन तीन फळं धरली होती, चार ते सहा किलोची, आणि ती मावशींनी हसत घेतली, कारण अख्खी ठेवली तर महिनोन् महिने टिकतात. म्हणून माझं मत विचाराल तर पाच वेल बाजारासाठी, एक वेल हौसेसाठी. हौसेचा वेल सोडू नका मात्र. पाच वेलांवर जे नीट केलं ते आम्ही त्या एकावरच शिकलो.

बी ठेवायचं असेल तर आदल्या संध्याकाळी मादी कळीचं आणि नर कळीचं टोक दोऱ्यानं बांधा, सकाळी सोडून हातानं परागकण लावा आणि परत बांधा, नाहीतर शेजारच्या वेलाचं मिसळतं. अशा घरच्या बियांचा भोपळा कधी कडू निघाला तर शिजवून बघू या म्हणू नका, टाकून द्या, त्यानं पोट बिघडतं.

आमच्या मोठ्या भोपळ्याचं बी धुऊन, सावलीत वाळवून, राखेत घालून ठेवलंय. मूठभरच आहे. गटाच्या बैठकीला याल तर प्रत्येकीला चार बिया देऊ, पैसे नकोत. आठ बिया आधीच गेल्यात. बांधापलीकडे. चुलत सासरे स्वतः येऊन घेऊन गेले, आणि जाताना म्हणाले, सुतळी तेवढी तुमच्याकडचीच वापरू.